सासरेबुवांसाठी मासा

खरं म्हणजे ‘बाबा, इकडची थंडी सोसेल ना तुम्हाला?’ एवढं विचारून शिरीषने फोन बायकोच्या हातात द्यायचा होता. तेवढंच त्याचं काम होतं आणि तेवढंच ऋचाने त्याला सांगितलं होतं. पण अवदसा आठवली की माणसाला कोण अडवणार? त्याने फोन सोडला नाही. वर मोठ्या ऐटीत म्हणाला, “या हो तुम्ही बिनधास्त. आणि माशांची काळजीच करू नका. मी स्वतः पकडतो, दर शनिवारी!”

पलीकडे रेवदंड्यात सासरेबुवांनी रेडिओ बंद केला.

“तुम्ही?” काशिनाथरावांनी विचारलं. “तुम्ही तर खात नाही.”

“खात नाही, पण पकडतो. हौस म्हणून.”

“मग पकडलेल्यांचं करता काय?”

यावर शिरीष जे हसला त्याला उत्तर म्हणत नाहीत. त्याने फोन ऋचाला दिला आणि अंघोळीला गेला.

आता हा शिरीष कोण, ते सांगायला हवं. पुण्याचा, घराण्यात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, ऑकलंडच्या उत्तरेला अल्बनीत घर, आणि धंदा म्हणाल तर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं. (दुसऱ्यांच्या.) लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून याने सुरमईचा एक घास खाल्ला आणि काटा घशात अडकवून घेतला. काशिनाथरावांनी त्याला स्कूटरवर मागे बसवून, ‘आ’ करायला लावून, भर बाजारातून डॉक्टरकडे नेलं. त्या दिवसापासून काशिनाथराव त्याच्याशी अत्यंत आदराने बोलत. इतक्या आदराने, की शिरीषला रडू यायचं. त्याच्या साडूला ते ‘अरे मेल्या’ म्हणत, पाठीत धपाटा घालत, पानातली तळलेली तुकडी उचलून त्याच्या पानात टाकत. याला मात्र ‘शिरीषराव, वरण वाढू का?’ बस्स. त्याला सासऱ्यांकडून फार काही नको होतं. एक धपाटा हवा होता.

काशिनाथराव अलिबाग डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर माइकवर गाड्या पुकारल्यामुळे असेल, निवृत्तीनंतर शब्द जपून वापरत. ते जुलैच्या शेवटी ऑकलंडला उतरले. आणि उतरताच दुसऱ्या दिवशी स्काइपवर त्यांच्या सौभाग्यवती, शकुताई, प्रकट झाल्या. गुडघ्यांमुळे त्या येऊ शकल्या नव्हत्या, पण त्यांचं राज्य आलं होतं.

“श्रावण आहे म्हटलं. तिकडे गेलात म्हणून श्रावण सुटत नाही,” शकुताई म्हणाल्या.

श्रावण पाळला. काशिनाथरावांनी कॅलेंडरावर डोळा ठेवून, तोंडातून चकार शब्द न काढता पाळला. आणि श्रावण संपतो न संपतो तोच त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बारा साली, अधिक महिना आला. अधिक भाद्रपद! शकुताई स्काइपवर आल्या आणि म्हणाल्या, “अधिकाचं पुण्य मोठं असतं.” मग अधिक पाळला. तो संपला तर दारात गणपती. पाच दिवसांचा. बुधवारी बसायचा, रविवारी विसर्जन. आणि सोमवारी सकाळी काशिनाथरावांचं परतीचं विमान.

ज्या माणसाला श्रावण सोडला तर जन्मात आठवडाभर माशावाचून राहावं लागलं नव्हतं, तो दोन महिने दुधी, तोंडली आणि ब्रोकोली खात होता. गाल बसले होते. जेवताना पानाकडे अशा नजरेने बघायचे, की ऋचाच्या घशाखाली घास उतरत नसे. पण तिचाही इलाज नव्हता, आई लॅपटॉपमधून बघत असायची.

गणपती बसले त्या रात्री काशिनाथराव शिरीषला हळूच म्हणाले, “शिरीषराव, शनिवार येतोय.”

“हो ना बाबा.”

“तुम्ही दर शनिवारी पकडता म्हणालात. बघीन म्हणतो एकदा.”

शिरीषच्या तोंडचं पाणी पळालं. अर्थात, त्याची तयारी अगदीच नव्हती असं नाही. हा दिवस येणार हे ओळखून तो गेले काही आठवडे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका अमेरिकन माणसाचे व्हिडिओ बघत होता. दाढीवाला, टोपीवाला, मोठा जीव लावून शिकवणारा माणूस. विषय एकच, क्रॅपी नावाचा मासा. वसंत ऋतू लागला की क्रॅपी खोल पाण्यातून उथळ पाण्यात येतो, काठाशी गवतात अंडी घालतो, तेव्हा तो कसा शोधायचा, कसा गाठायचा, गळ पाण्यात किती खोल सोडायचा. शिरीषने या क्रॅपीचा असा अभ्यास केला, की बारावीला फिजिक्सचा केला असता तर डॉक्टर झाला असता. मग तो गळ घ्यायला दुकानात गेला आणि मोठ्या आत्मविश्वासाने क्रॅपी म्हणाला.

दुकानदाराने त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. “सॉरी मेट. न्यूझीलंडमध्ये क्रॅपी नाही. एकही नाही.”

(चुका शोधणाऱ्या माणसाने निदान एवढं तरी आधी तपासायचं की नाही?)

पण दुकानदार भला होता. म्हणाला, क्रॅपी नसला तरी पर्च आहे. पट्ट्यापट्ट्यांचा, लाल परांचा. वागणं जवळपास तेच, वसंतात तोही उथळ पाण्यात काठाला येतो. टाकापुनाला पुपुके तळं आहे, तिथे बघ. शिरीषने गळ, काठी, एका दिवसाचं लायसन्स आणि रबराच्या अळ्यांचं पाकीट घेतलं. खरी गांडुळं घ्यायला त्याचं मन धजेना. रबरी अळीने हिंसा निम्मी होते असा त्याचा हिशेब होता.

शनिवारी सकाळी ऋचाने विचारलं, “कुठे निघालात दोघं?”

“दूर्वा आणायला,” शिरीष म्हणाला.

“मागे लॉनवर आहेत की.”

“बाबांना चांगल्या हव्यात.”

काशिनाथराव मात्र माकडटोपी घालून गाडीत जाऊन बसले.

तळ्यावर पोचल्यावर त्यांनी उतरून सभोवार पाहिलं. “इथेच पकडता?”

“इथेच.”

“बरं.”

शिक्षकाने उत्तर वाचून काही न बोलता पेपर बाजूला ठेवावा, तसं ते ‘बरं’ होतं. पण आता माघार नव्हती. दाढीवाल्याने सांगितलं होतं, की वसंताच्या सुरुवातीला तळ्याचा उत्तरेचा काठ गाठा, तिथलं पाणी आधी तापतं आणि मासे तिथेच येतात. शिरीषने फोनवर होकायंत्र काढलं, उत्तरेचा काठ गाठला आणि गळ फेकला. पहिली फेक मागच्या झाडात गेली. दुसरी काशिनाथरावांच्या मफलरात. तिसरी पाण्यात पडली, एवढंच म्हणता येईल.

वारा असा बोचत होता की बोटं कामातून गेली. झाडांच्या सावलीतलं ते पाणी काळंशार आणि बर्फासारखं. तरंगणारं लाल बूच हलेना. काशिनाथराव घडीच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, सुटायची वेळ झालेली गाडी का हलत नाही ते बघावं तसे त्या बुचाकडे बघत होते. त्यांनी एकदाही ‘काय झालं?’ विचारलं नाही. विचारलं असतं तर परवडलं असतं.

शिरीष मनात कळवळला. उद्या रात्रीचं एकच जेवण या माणसाच्या हाती आहे, आणि आपण इथे थंडीत काठी धरून उभे. हा जाईल रेवदंड्याला, आणि तिथे ओट्यावर बसून सांगेल, आमचा जावई मासे पकडतो म्हणे, रबराच्या अळीने.

आणि काठावर पाय आपटता आपटता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऋचा कपडे कुठे वाळत घालते? घराच्या उत्तरेला! कारण या देशात सूर्य उत्तरेकडून जातो! घर घेताना ‘नॉर्थ फेसिंग आहे ना?’ म्हणून एजंटचा जीव नकोसा केलेला हा माणूस, मासे पकडायला मात्र अमेरिकेचा सूर्य घेऊन आला होता. इथे ऊन समोरच्या काठावर पडलं होतं, दक्षिणेच्या. पिवळंधमक.

“बाबा, उठा! जागा बदलायची!”

“अजून तळ्यातच?” काशिनाथरावांनी विचारलं.

“तळ्यातच. पलीकडे.”

“बरं.”

पलीकडे पाणी गुडघाभर, उन्हाने कोमट झालेलं आणि काठाला लव्हाळे. शिरीषने बूच दोरीवर खाली सरकवलं, गळ लव्हाळ्यांच्या कडेला हलकेच सोडला. दाढीवाला सांगायचा, आता घाई करू नका. शिरीषने श्वाससुद्धा घाई न करता घेतला. बूच थरथरलं. थांबलं. मग असं गडप झालं, की शिरीषने ‘आई गं!’ म्हणून काठी ओढली, आणि हवेतून एक हिरवा पट्टेवाला, लाल परांचा, चांगला दीड वितीचा मासा येऊन त्याच्या छातीवर आपटला.

“बाबा! आला! आला हो!”

काशिनाथराव खुर्चीवरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे शिरीषने लग्नापासून आजवर पाहिलं नव्हतं. कौतुक होतं का ते? त्याने कौतुकच धरलं. आनंदाच्या भरात मासा धरायला गेला तर पाठीवरच्या काट्यांनी अंगठा फोडला, पण त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

मग मात्र घोडं अडलं. व्हिडिओतला दाढीवाला या ठिकाणी माशाच्या डोक्यात एक टोला घालत असे. शिरीषने दगड उचलला, आणि घरी मखरात बसलेले बाप्पा त्याच्या डोळ्यांसमोर आले. बाप्पा घरात असताना जीव घ्यायचा? ते जमणार नव्हतं. उद्या दुपारी विसर्जन, त्यानंतर हवं ते करता येईल. म्हणजे तोवर मासा जिवंत राहिला पाहिजे. त्याने बादलीत पाणी भरलं.

“जिवंत नेताय?” काशिनाथरावांनी विचारलं.

“हो. जिवंतच.”

“बरं,” काशिनाथराव म्हणाले, पण या वेळी जरा विचार करून.

तेवढ्यात मागून एक उंच गोरा गृहस्थ कुत्रा घेऊन आला. “किया ओरा! मिळालं काही?”

आणि बोलता बोलता त्याने सहज काठावरच्या पाटीकडे बोट केलं. शिरीषने पाटी वाचली आणि त्याच्या पाचावर धारण बसली. जिवंत मासे इथून नेण्यास सक्त मनाई! पुढच्याच महिन्यात त्याचा सिटिझनशिपचा समारंभ होता. त्याला डोळ्यांपुढे आपल्याला कायमचं भारतात परत न्यायला मडगार्ड वाजवत निघालेलं विमान दिसलं. (विमानाला मडगार्ड नसतं हे त्या क्षणी त्याला आठवलं नाही.) तो मटकन बादलीवर बसला. खाली मासा धडाधड शेपटी आपटू लागला. शिरीष हवापाण्यावर बोलू लागला. मासा जोरात, शिरीष त्याहून जोरात. कुत्र्याने बादलीकडे बघून मान तिरकी केली. आणि अचानक काशिनाथराव टाळ्या वाजवत, खड्या आवाजात आरती म्हणू लागले. डेपोचा आवाज तो! तळ्यावरची बदकं उडाली.

गृहस्थ थबकला. “रिलिजन?”

“फेस्टिव्हल,” शिरीष बादलीवरून म्हणाला.

“स्वीट ॲज,” म्हणजे इकडच्या बोलीत ‘झकास’, असं म्हणत तो कुत्र्याला ओढत निघून गेला. सासऱ्याने आपल्याला वाचवलं, हे ध्यानात येऊन शिरीषला भरून आलं.

घरी आले तेव्हा ऋचा नारळ आणायला माउंट रॉस्किलच्या देशी दुकानांत गेली होती. गॅरेजमध्ये एक भलामोठा निळा टब होता आणि तो काठोकाठ भरलेला होता! आपल्याकडे असा टब नव्हता, तो आज का आहे, त्यात पाणी कोणी भरलं, का भरलं, यातला एकही प्रश्न शिरीषला पडला नाही. त्याला वाटलं, देव पावला. त्याने मासा टबात सोडला.

“वर फळी ठेवा,” काशिनाथराव म्हणाले. “उड्या मारतात.”

फळी ठेवली. हात धुतले. दोघं पेपर उघडून सोफ्यावर बसतात तोच ऋचा आली.

“दूर्वा?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी काशिनाथराव म्हणाले, “तळ्यावर नव्हत्या.”

“तळ्यावर कशाला गेला होतात?”

“बघायला. नव्हत्या,” असं म्हणून काशिनाथराव उठले आणि मागच्या लॉनवरून मूठभर खुडून घेऊन आले. ऋचाने शिरीषच्या अंगठ्यावरच्या बँडेजकडे पाहिलं, नाक दोनदा वर ओढून वास घेतला, पण मोदकांचं सारण जळायला लागलं होतं म्हणून ती आत गेली.

रविवारी घर माणसांनी भरलं. महाराष्ट्र मंडळाच्या नीलांबरीताई पैठणी नेसून सगळ्यांच्या आधी आल्या आणि सूत्रं हाती घेतली. वयोवृद्ध बाळकाका खुर्चीत स्थानापन्न झाले. बाकी मंडळींनी झांजा वाटून घेतल्या. शिरीष धोतर नेसून, खांद्यावर उपरणं घेऊन, आरतीचं तबक हातात धरून मखरापुढे उभा राहिला. मनात एकच विचार. आता दोन तास, मग पाहुणे जातील, मग मासा, मग बाबा जेवतील, मग धपाटा.

“ऋचा, टबात पाणी भरून ठेवलंयस ना गं?” नीलांबरीताईंनी विचारलं. “मोठी मूर्ती म्हणून मुद्दाम माझा टब दिला हो, बादलीत कसं विसर्जन करणार?”

“कालच भरला. गॅरेजमध्ये आहे. तुम्ही दिलेलं गंगाजलही घातलंय.”

शिरीषच्या हातातलं तबक कलंडलं, कापूर बोटांवर आला, तो ‘स्स्स’ करून उडाला आणि बाळकाकांना वाटलं भक्तीचा आवेग. आरती सुरू झाली. शिरीषने काशिनाथरावांकडे पाहून डोळे विस्फारले, मग भुवईने गॅरेजची दिशा दाखवली, मग गाल आत ओढून ओठांनी माशासारखं केलं. काशिनाथरावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि टाळ्यांचा ठेका वाढवला. त्याला गॅरेजपर्यंत जाऊन यायला मिनिटभर पुरलं असतं. पण यजमान! तबक त्याच्या हातात! एक आरती संपली, दुसरी लागली, दुसरी संपली तर कुणाला तिसरी आठवली, आणि ज्यांना पाठ नव्हती ते जास्त मोठ्याने म्हणत होते.

मंत्रपुष्पांजली व्हायच्या आत मंडळातली चार पोरं गॅरेजकडे गेलीसुद्धा. “फळी काढू नका रे, पाणी हिंदकळेल,” नीलांबरीताईंनी बजावलं. पोरांनी टब तसाच उचलून मागच्या लॉनवर, रांगोळीच्या मधोमध आणून ठेवला. शिरीष तबक ठेवून धावला, पण तोवर नीलांबरीताईंनी फळी उचलली होती आणि ऋचाने झेंडूच्या पाकळ्यांची अख्खी परडी पाण्यात रिकामी केली होती. पाणी दिसेनासं झालं. केशरी गालिचाच. आत काय चाललंय, ते त्या जिवाला आणि शिरीषला ठाऊक.

“चला यजमान, मूर्ती घ्या!”

त्याने मूर्ती उचलली. बाप्पा, तो मनातल्या मनात म्हणाला, चुकलो. तुमच्या नावाने दूर्वांची थाप मारली. पण मासा खायला माझ्यासाठी नाही हो आणला, त्या म्हाताऱ्या माणसासाठी आणला. आजचा दिवस निभावून न्या. हा मासा तळाशी गुपचूप राहू दे.

पहिल्यांदा मूर्ती पाण्याला लावली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा जरा खोल नेली, तर मनगटाला काहीतरी गार, गुळगुळीत चाटून गेलं. शिरीषच्या अंगावर काटा आला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून मूर्ती टबात सोडली. जयघोष झाला, झांजा दणाणल्या. त्याने डोळे उघडले. सगळे हात जोडून उभे होते. सुटलो, असं वाटून त्याने उपरण्याने कपाळ पुसलं.

“पाकळ्या हलतायत,” बाळकाका म्हणाले.

हलत नव्हत्या, फिरत होत्या. गोल गोल, आधी सावकाश, मग वेगात. सगळे पुढे वाकले. आणि पाकळ्यांचा तो गालिचा फाडून पर्च उसळला तो थेट नीलांबरीताईंच्या पैठणीवर!

त्या किंचाळल्या, मासा गवतावर पडला, झांजवाल्याच्या हातून झांज पडली. शिरीष त्या माशावर झेपावला. मासा उडाला, शिरीष धोतरात पाय अडकून रांगोळीत उपडा पडला, तसाच हातापायांवर रांगत त्याच्यामागे गेला, आणि अखेर उपरणं टाकून त्याने मासा धरला तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या पातेल्यात टाकला. पातेल्यात ‘डुबुक’ वाजलं.

बाळकाका खुर्चीतून उठले. डोळे पाणावले होते. “साक्षात… साक्षात प्रकट झाले हो!” म्हणत ते पातेल्यापुढे वाकू लागले. दोघातिघांनी चपला काढल्या.

“थांबा बाळकाका,” ऋचा म्हणाली. “नमस्कार करू नका.” तिची नजर शिरीषच्या बँडेजवर होती. “शिरीष. हे काय आहे?”

“मासा,” शिरीष रांगोळीने माखलेल्या तोंडाने म्हणाला.

“ते दिसतंय. विसर्जनाच्या टबात कसा आला?”

“मीच सोडला. मला माहीत नव्हतं गं, की हा तोच टब…”

“गंगाजलात!” नीलांबरीताई मटकन खाली बसल्या.

काशिनाथराव एका बाजूला माकडटोपी हातात घेऊन उभे होते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळायला लागलेल्या शिरीषला दिसल्या आणि त्याच्याने राहवेना. होऊ दे काय व्हायचं ते. “बाबांना कोणी काही म्हणायचं नाही! मी पकडला. मी आणला. त्यांच्यासाठीच आणला. दोन महिने झाले, त्या माणसाच्या तोंडात माशाचा तुकडा नाही. श्रावण पाळला, अधिक पाळला, गणपती पाळला. उद्या जायचेत. एक रात्र उरलीय फक्त. बाप्पा घरात असताना मारायचा नाही म्हणून जिवंत ठेवला. विसर्जन झालं की मग त्यांना… निदान एक दिवस तरी त्यांनी माझ्या हातचं…”

नीलांबरीताईंनी पैठणीच्या पदराने डोळे टिपले आणि पदराला वास येताच तो पटकन लांब धरला. ऋचाचा चेहरा निवळला. सगळ्यांनी काशिनाथरावांकडे पाहिलं. म्हातारा आता जावयाला पोटाशी धरणार, यात कोणालाच शंका नव्हती. शिरीषने खांदे जरा पुढे केले.

काशिनाथराव पातेल्यापाशी आले, वाकून आत पाहिलं, आणि प्रचंड संकोचाने म्हणाले, “माझ्यासाठी? अहो शिरीषराव, हा तळ्यातला.”

“म्हणजे?”

“गोड्या पाण्यातला. आम्ही रेवदंड्याची माणसं. गोड्या पाण्यातला मासा आम्ही खात नाही हो. चिखलाचा वास येतो.”

“पण मग तुम्ही काल काही बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, पाळायला नेताय. जिवंत नेलात, टबात सोडलात. म्हटलं, शाकाहारी माणूस आहे, हौसेनं पकडतो म्हणजे पाळतच असणार.”

आधी बाळकाका फिसकन हसले. मग झांजवाला. मग नीलांबरीताई, आणि मग सगळं अंगण. ऋचा तर पोट धरून पायरीवर बसली. हसण्यातून श्वास घ्यायला मिळाला तेव्हा म्हणाली, “अरे, बाबांसाठी मी कालच स्नॅपर आणलाय, समुद्रातला. अख्खा, मुंडक्यासकट. शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवलाय, बाप्पा घरात होते म्हणून. मला विचारायचं तरी होतंस!”

“आणि मी?” शिरीष म्हणाला.

“तू हे पातेलं उचल आणि जिथून आणलंस तिथे सोडून ये. आत्ताच्या आत्ता. त्या बिचाऱ्याला ताप येईल.”

रांगोळीचं तोंड घेऊन, धोतरावरच जॅकेट चढवून, शिरीष मासा बादलीत घालून गाडीकडे निघाला. तर काशिनाथराव माकडटोपी चढवून आधीच पुढच्या सीटवर बसलेले. बादली त्यांनी स्वतःच्या पायांत धरली आणि रस्ताभर, वळणं आली की तिला दोन्ही हातांनी सांभाळलं.

तळ्यावर त्याच लव्हाळ्यांपाशी शिरीषने बादली तिरकी केली. मासा क्षणभर काठाशी थांबला, कल्ले हलवले, आणि गेला. दोघं पाण्याकडे बघत उभे राहिले. शिरीषला वाटलं, इतकी फजिती झाल्यावर आता या माणसाला तोंड दाखवायला काही जागाच उरली नाही, तेव्हा दर शनिवारची ती थाप कबूल करून टाकावी. पण काशिनाथरावच बोलले. आणि बोलायच्या आधी, काय आश्चर्य, त्यांनी शिरीषच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

“अरे मेल्या,” ते म्हणाले, “कालपासून विचारीन विचारीन म्हणतोय, पण तुझा उत्साह बघून धीर झाला नाही. एक सांग.” त्यांनी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि रस्त्यापलीकडे, दोन घरांच्या फटीतून लांबवर चकाकणाऱ्या निळ्या पट्टीकडे बोट दाखवलं.

“तो समुद्रच ना?”